जुन्या लहान मोटारीचा कार्ब्युरेटर : बिघाड शोधण्याची रीत

घरची जुनी मोटार चालेनाशी झाली म्हणजे मालक बहुधा प्रथम कार्ब्युरेटरावर संशय घेतो, आणि संशय आला म्हणजे हातांत पेचकस घेऊन दिसेल तो स्क्रू पिळूं लागतो. मूळ दोष लहान असला तर ह्या उपायानें तो वाढतो, आणि नसला तर नवा उत्पन्न होतो. पुढें मिस्त्री येतो, "हा कार्ब्युरेटर गेला, नवा बसवा" असें सांगतो. नवा सहज मिळत नाहीं. आणि कालपर्यंत चालणारी गाडी गोठ्याच्या कडेस कायमची उभी राहते. सरकारी नोकरींत असतां गांवोगांव फिरतांना अशा उभ्या गाड्या आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांपैकीं बऱ्याच गाड्या थोडक्या खर्चांत चालत्या झाल्या असत्या. परंतु रोगाची परीक्षा क्रमानें कोणीं केली नाहीं. रात्रीं-अपरात्रीं घरांतील आजारी माणसास तालुक्याच्या गांवीं नेण्यास हीच गाडी उपयोगी पडते, हें ध्यानांत घेतां ही परीक्षा मालकास स्वतः यावी हें बरें. ती कशी करावी, एवढेंच सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

ही गाडी कोणती

वाड्यांतून अद्याप जी जुनी लहान गाडी दृष्टीस पडते ती पुष्कळदा फियाट, किंवा तिचेंच पुढील रूप जी प्रीमियर पद्मिनी ती, असते. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, व पुढें १९७० नंतरच्या दशकांत प्रीमियर पद्मिनी ह्या नांवानें ही गाडी निघूं लागली. तिचें इंजीन चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटर मापाचें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें काम हिनें कित्येक वर्षें केलें. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कचेरींत नोंदली गेली, आणि टॅक्सीस वीस वर्षांची मुदत असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही जात मुंबईच्या टॅक्सींतून नाहींशी झाली. खाजगी गाडीस आपल्या राज्यांत अशी मुदत नाहीं. पंधरा वर्षांनंतर तपासणी करवून तिची नोंदणी पांच पांच वर्षांसाठीं नवी करून घेतां येते. तेव्हां गाडी टिकविणें हें बऱ्याच अंशीं मालकाच्याच हातीं आहे. मारुति ८०० च्या आरंभींच्या गाड्यांतही कार्ब्युरेटरच असे. मापांचा व मांडणीचा फरक सोडला तर पुढील विवेचन त्यांसही लागू पडेल.

पाण्याची वाट आणि पेट्रोलची वाट

ज्यास मोटेचें पाणी माहीत आहे त्यास कार्ब्युरेटर समजण्यास अडचण पडूं नये. गाडीच्या मागील भागांत पेट्रोलची टाकी असते, ती विहीर. इंजिनाच्या अंगास लहान पंप लावलेला असून त्याच्या पोटांत रबरी पडदा वरखालीं होतो, ती मोट. पंपांतून पेट्रोल नळीवाटे कार्ब्युरेटराच्या एका लहान हौदांत पडतें, तें थारोळें. ह्या हौदांत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल ठराविक पातळीस पोंचलें कीं फ्लोट वर उचलला जाऊन सुईसारख्या व्हॉल्व्हनें वाट बंद करतो, आणि पातळी उतरली कीं ती उघडतो. पाण्याच्या टाकींतील चेंडूचा नळ असाच चालतो.

हौदांतील पेट्रोल बारीक भोकाच्या पितळी तोट्यांतून, ज्यांस जेट म्हणतात, हवेच्या नळींत खेंचलें जातें. ही नळी मध्यें अरुंद केलेली असते. तेथें हवा वेगानें वाहते, तिचा दाब कमी होतो, आणि त्या ओढीनें पेट्रोल तुषाररूपानें हवेंत मिसळतें. मोठा जेट गाडी धांवत असतां कामास येतो. लहान जेट गाडी उभी असतां इंजीन मंद चालू ठेवतो. पेट्रोल पुरतें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें पंधरा पट हवा लागते. ह्या प्रमाणाहून पेट्रोल अधिक झालें तर मिश्रण जाड, आणि कमी झालें तर पातळ, असे शब्द आम्ही पुढें योजले आहेत.

वरळी कोळीवाड्यांतील एक उदाहरण

गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर आम्हांस कामानिमित्त मुंबईस वरळी कोळीवाड्यांत जावें लागलें. वरळीचा जुना किल्ला जेथें समुद्रांत पुढें गेला आहे त्या टोंकास ही वस्ती आहे. आंतील गल्ल्या अरुंद असल्यामुळें मोटारी बाहेरच उभ्या कराव्या लागतात, आणि तेथें त्यांस रात्रंदिवस खारा वारा लागतो. एका होडीमालकाची पद्मिनी चार महिने न हलतां अशी उभी होती. ती सुरू होई, क्षणभर चाले, आणि पाय दिला कीं गुदमरून बंद पडे. दोघां-तिघां जाणत्यांनीं तिचे स्क्रू फिरविले होते. एकानें तर जेटाच्या भोकांत तार घातली होती.

शेवटीं एक वृद्ध मिस्त्री आला. त्यानें पेचकसास हातच लावला नाहीं. "नाखवा, आधीं एक पांढऱ्या कांचेची बाटली द्या," असें म्हणून त्यानें कार्ब्युरेटराकडे येणारी नळी सोडली, बाटलींत थोडें पेट्रोल घेतलें व ती उजेडांत स्थिर धरली. तळाशीं निराळा थर आणि तांबूस गाळ स्पष्ट दिसला. कार्ब्युरेटराचा हौद उघडला तों आंत पांढरी भुकटी जमलेली. पंपाचा पडदा फुगून मऊ झालेला. टाकी रिकामी करून धुतली, पडदा बदलला, हौद व जेट साफ केले, आणि इंजीन चालूं लागलें. तारेनें भोक वाढलेला जेट मात्र बदलावा लागला, आणि त्याच मापाचा दुसरा मिळविण्यास दोन दिवस मोडले. मूळ दोषानें जो त्रास दिला नाहीं तो उपाय म्हणून केलेल्या नुकसानीनें दिला.

त्याच होडीमालकाकडून एक गोष्ट कळली ती आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. होडीस मागें लावलेलें लहान इंजीन उतरवून ठेवण्यापूर्वीं तो इंधनाचा कॉक बंद करतो आणि कार्ब्युरेटरांत उरलेलें इंधन संपून इंजीन आपोआप थांबेपर्यंत तें चालू ठेवतो. होडीच्या बाबतींत तो जी काळजी घेत आला ती मोटारीच्या बाबतींत कोणीं त्यास सांगितलीच नव्हती.

प्रथम सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती जमिनीलगत पसरते व खोलगट जागीं सांचते. म्हणून हें काम बंद कोठींत न करतां उघड्यावर, इंजीन थंड असतां करावें. जवळ विडी, कंदील, चूल कांहीं नसावें. बॅटरीची एक तार सोडून ठेवावी; जी तपासणी इंजीन फिरवून करावयाची असेल तिच्यापुरतीच ती जोडावी. शेजारीं कोरड्या वाळूची बादली ठेवावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकूं नये. जळतें पेट्रोल पाण्यावर तरंगून आग अधिक पसरते. नळींतील पेट्रोल तोंडानें ओढूं नये. इंजीन सुरू होत नाहीं म्हणून कार्ब्युरेटराच्या तोंडांत पेट्रोल ओतून दुसऱ्याकडून स्टार्टर मारविण्याची चाल फार धोक्याची आहे; इंजीन उलट भडकलें तर ओतणाराचा हात व तोंड भाजतें.

तपासणीचा क्रम

वाफ्यांत पाणी येत नसेल तर शहाणा शेतकरी वाफा खणत बसत नाहीं. तो विहिरीपासून पाटाच्या कडेनें चालत येतो आणि पाणी कोठें अडलें तें पाहतो. येथेंही तोच नियम आहे.

१. ठिणगी. कार्ब्युरेटरास हात लावण्यापूर्वीं विजेचें काम नीट आहे अशी खात्री करावी. पुष्कळदा दोष येथेंच असतो. बॅटरीच्या टोंकांवर हिरवट-पांढरा गंज चढला आहे काय, पॉइंट जळले आहेत काय, तारा सैल आहेत काय, हें पहावें. प्लग काढून त्याचा रंग पहावा. टोंक बिस्किटासारखें तांबूस असेल तर मिश्रण योग्य; काळी कोरडी काजळी असेल तर जाड; पांढरें फटफटीत असेल तर पातळ. इंजीन सुरू होत नसून प्लग पेट्रोलनें ओला असेल तर पेट्रोल येत आहे, ठिणगी येत नाहीं, असें प्रथम समजावें.

२. टाकी व झांकण. टाकीच्या झांकणांत हवा आंत जाण्यास बारीक भोक असतें. तें मातीनें बुजलें तर टाकींत पोकळी होऊन पंपास पेट्रोल ओढतां येत नाहीं. गाडी दोन-चार मैल जाऊन थांबते, झांकण उघडतांच हवेचा आवाज होतो, आणि पुनः चालूं लागते. ही खूण नेहमीं ध्यानांत ठेवावी.

३. पंप व नळी. कार्ब्युरेटराकडे येणारी नळी सोडून तिचें टोंक बाटलींत धरावें. ठिणगी पडूं नये म्हणून कॉइलची तार काढून ठेवावी, आणि दुसऱ्याकडून इंजीन थोडें फिरवावें. पेट्रोल जोरानें उसळत आलें तर पंप चांगला. थेंब थेंब आलें तर गाळणी, नळीचे सांधे व पंपाचा पडदा पहावा. उन्हाळ्यांत घाट चढल्यावर गाडी थांबली तर पंपांत किंवा नळींत पेट्रोलची वाफ झालेली असण्याचा संभव असतो. इंजीन निवूं द्यावें व पंपावर ओलें फडकें ठेवावें. दुसरें कांहीं करूं नये.

४. बाटलीची परीक्षा. घेतलेलें पेट्रोल पाव तास स्थिर ठेवावें. गाळ किंवा निराळा थर दिसला तर दोष टाकींत आहे. कार्ब्युरेटर कितीही वेळां धुतला तरी तो पुनः भरेल.

५. हौद, फ्लोट व सुई. कार्ब्युरेटरांतून पेट्रोल बाहेर वाहत असेल तर सुईच्या बैठकींत कचरा आहे, सुई झिजली आहे, किंवा फ्लोटास भोक पडलें आहे. फ्लोट कानाशीं हालवून पहावा. आंत पेट्रोल असेल तर आवाज येतो. भोक सांपडत नसेल तर तो गरम पाण्यांत बुडवावा, बुडबुडे येतील तेथें भोक. पेट्रोल आंत असतां फ्लोटास डाक लावूं नये; तो फुटतो. जुन्या सोलेक्स पद्धतीच्या कार्ब्युरेटरांत सुईच्या व्हॉल्व्हखालील वॉशरच्या जाडीवर पेट्रोलची पातळी अवलंबून असते. म्हणून काढलेला वॉशर टाकून देऊन हातीं लागेल तो बसवूं नये. जाड वॉशरानें पातळी उतरते, पातळ वॉशरानें चढते.

६. जेट. जेट स्वच्छ पेट्रोलनें धुवावा व सायकलच्या पंपानें वारा देऊन साफ करावा. तार, टांचणी किंवा सुई भोकांत घालूं नये. जेटावर जो आंकडा कोरलेला असतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत त्याचें माप सांगतो. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. हें ११५ चें भोक १२० इतकें वाढलें तर डोळ्यास फरक दिसत नाहीं, परंतु भोकाचें क्षेत्र सुमारें शेंकडा नऊ वाढतें, आणि तेवढें पेट्रोल अधिक जाऊं लागतें.

७. हवेची गळती. कार्ब्युरेटर व इंजीन यांमधील पॅकिंग फाटलें, किंवा बोल्ट वाजवीपेक्षां अधिक आंवळल्यामुळें बैठक वांकली, तर तेथून जास्त हवा शिरते आणि इंजीन मंद चालेनासें होतें. इंजीन चालू असतां सांध्यावर कुंचल्यानें साबणाचें पाणी लावावें. क्षणभर चाल सुधारली तर गळती तेथेंच आहे. बैठक सपाट आहे कीं नाहीं तें कांचेच्या तुकड्यावर ठेवून पहावें.

८. स्क्रू. इतकें सर्व झाल्यावर मग स्क्रूंची पाळी. त्यांपैकीं एक इंजिनाचा वेग ठरवितो, दुसरा मंद चालीचें मिश्रण. दुसरा स्क्रू हलक्या हातानें पुरता आंत बसेपर्यंत फिरवून किती फेरे झाले तें कागदावर लिहून ठेवावें, व पुनः तितकाच बाहेर घ्यावा. दप्तरांत जुनी नोंद शाबूत असली कीं दुरुस्ती केव्हांही करतां येते; येथेंही तसेंच आहे. इंजीन चांगलें गरम झाल्यावर पहिल्या स्क्रूनें वेग थोडा वाढवावा, दुसरा पाव पाव फेऱ्यानें फिरवून इंजीन सर्वांत वेगानें व एकसारखें चालेल तेथें थांबावें, आणि मग पहिल्यानें वेग उतरवावा. धुराच्या तपासणीचा जो दाखला मिळतो त्यावरील कार्बन मोनॉक्साइडचा आंकडाही पहावा. तो चढला असेल तर मिश्रण जाड आहे.

लक्षणें व त्यांचीं कारणें

गाडी सुरू होऊन पाय देतांच बंद पडते : मोठा जेट तुंबलेला, हौदांत पाणी, किंवा पंप अशक्त.

गाडी धांवते, परंतु उभी केली कीं बंद पडते : लहान जेट तुंबलेला, अथवा हवेची गळती.

काळा धूर, पेट्रोलचा वास व अधिक खर्च : चोक पुरता परत गेलेला नाहीं, पातळी चढलेली, जेटाचें भोक वाढलेलें, किंवा हवेची गाळणी धुळीनें भरलेली.

चढावर दम लागतो, सपाटीवर ठीक चालते : पेट्रोल पुरेसें पोंचत नाहीं, टाकीपासून पुनः पहावें.

सकाळीं सुरू होण्यास त्रास, चालतांना हिसके : मिश्रण पातळ, अथवा ठिणगी दुबळी.

ऊंस आणि कार्ब्युरेटर

आतां जो भाग ह्या पत्राच्या वाचकांस विशेष लागू आहे तो सांगतों. आपल्या उसापासून व मक्यासारख्या धान्यांपासून काढलेला मद्यार्क, ज्यास इथेनॉल म्हणतात, तो पेट्रोलमध्यें मिसळण्याचा प्रयोग २००१ सालीं मिरज व मनमाड येथेंही झाला. २००३ पासून कांहीं राज्यांत शेंकडा पांच मिश्रण सुरू झालें. फेब्रुवारी २०२३ पासून शेंकडा वीस मिश्रणाचें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें, आणि २०२५ सालीं देशभर सरासरी तें प्रमाण गांठलें गेलें. साखर कारखान्यास व पर्यायानें ऊंस लावणारास ह्या मागणीचा आधार आहे. तेव्हां मद्यार्काची निंदा आम्ही करीत नाहीं. परंतु ज्या काळीं ह्या जुन्या गाड्या घडविल्या गेल्या त्या काळीं त्यांच्या पोटांत असें पेट्रोल जाईल असें कोणीं धरलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें. आपल्याच शेतांतला माल आपल्याच गाडींत कसा वागतो, हें जाणून घेणें भाग आहे.

पहिली गोष्ट, मद्यार्क हवेंतील ओलावा शोषतो. थोडें पाणी असेल तोंवर तें मिसळून जातें व दिसत नाहीं. प्रमाण वाढलें म्हणजे पाणी व मद्यार्क मिळून तळाशीं बसतात, आणि पंप नेमका तळचाच थर ओढतो. वरळीच्या गाडींत हेंच घडलें. कार्ब्युरेटराच्या जस्ती धातूस हा थर खातो, आणि खाऱ्या हवेची त्यास भर पडते. पांढरी भुकटी येते ती ह्याचीच. दुसरी गोष्ट, जुन्या रबराचे पडदे व नळ्या मद्यार्कानें फुगतात किंवा मऊ पडतात. नवे घेतांना मद्यार्क सोसणाऱ्या रबराचे मागून घ्यावे. नळीस चीर गेली तर पेट्रोल गरम इंजिनावर गळून आग लागण्याचा संभव असतो. म्हणून ह्या बाबतींत काटकसर करूं नये. तिसरी गोष्ट, टाकींत वर्षानुवर्षें चिकटलेली घाण मद्यार्कानें सुटते व गाळणींत येते. ती वारंवार पहावी. चौथी गोष्ट, पेट्रोलास वजनाच्या सुमारें पंधरा पट हवा लागते, परंतु मद्यार्कास सुमारें नऊ पटच पुरते. त्यामुळें पूर्वींच्याच जेटांतून आतां जें मिश्रण होतें तें पूर्वींपेक्षां पातळ पडतें. वरील आठही गोष्टी तपासून दोष सांपडला नाहीं, आणि प्लग पांढरा येतच राहिला, तर अनुभवी मिस्त्रीकडून मोठा जेट एक पायरी वाढवून घ्यावा. हा उपाय शेवटचा आहे, पहिला नव्हे.

गाडी उभी ठेवावयाची असेल तर

आठवड्यांतून एकदां गाडी बाहेर काढून इंजीन पुरतें गरम होईपर्यंत चालवावी. नुसती जागच्या जागीं दोन मिनिटें चालविण्यानें हित होत नाहीं. महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटराचा हौद कोरडा करावा, आणि नळीचें तोंड बुचानें बंद करावें. हौदांत राहिलेलें पेट्रोल उडून गेल्यावर मागें डिंकासारखा चिकट थर राहतो, व तोच पुढें जेटांची भोकें बुजवितो. कोंकणपट्टींत व खाडीकांठीं राहणारांनीं बाहेरील सांध्यांवर तेलाचा हात फिरवावा.

खर्चाचा विचार केला तर पॅकिंग, पडदा, गाळणी व नळ्या ह्या किरकोळ वस्तु होत. त्यांचा एकेक जोड घरांत असावा. मूळ कार्ब्युरेटर कितीही मळकट दिसला तरी फेंकून देऊं नये, कारण त्याच्यासारखा दुसरा शोधण्यास पुष्कळ हिंडावें लागतें, आणि नवीन म्हणून जे विकले जातात ते सर्वच मापास उतरतात असें नाहीं. गाडीची एक लहान वही करावी. कोणत्या तारखेस काय उघडलें, कोणता जेट होता, स्क्रू किती फेरे बाहेर होता, हें तींत लिहावें, आणि मिस्त्री आला कीं ती त्याच्यापुढें ठेवावी. ठिणगी, टाकी, पंप, बाटली, हौद, जेट, गळती, आणि सर्वांत शेवटीं स्क्रू, हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तर घरांतील तरुण मुलांसही तो पाठ होईल, आणि गाडी अडली असतां त्यांचा हात आधीं पेचकसाकडे न जातां बाटलीकडे जाईल.